डाव्या हाताचं अक्षर

शोभाबाईंच्या वर्गातला गोंगाट फारच वाढला तेव्हा सहादेव गुरुजींनी आपल्या टेबलावरचा रूळ उचलला आणि मधल्या दारात उभं राहून तो बाईंपुढं धरला.

"घ्या."

"मला नको, गुरुजी."

"अठ्ठावन्न पोरं आहेत. तोंडानं कुठवर आवरणार? महिना झाला, तुमच्या पायी माझाबी वर्ग बिघडायला लागला."

पहिली-दुसरीची पोरं हे ऐकत होती. मागच्या रांगेतलं कुणीतरी खिंकाळलं. त्याबरोबर सगळा वर्ग हसला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्यांनी रूळ घेतला.

शिसवी रूळ होता. हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड, तळहाताच्या घामानं काळा झालेला. त्या दिवशी बाईंनी तो फक्त टेबलावर आपटला. आठ दिवसांनी एकाच्या पाठीत घातला. पंधरा दिवसांनी त्यांचा हात रुळाशिवाय मोकळा मोकळा वाटायला लागला. गुरुजी मधल्या दारातून बघायचे आणि मान हलवायचे.

शोभाबाई संगमनेरच्या. वडील विष्णुपंत तिथं कचेरीत कारकून. ट्रेनिंग संपवून नेवासा तालुक्यातल्या या बोरखडीत त्यांची पहिलीच नेमणूक. एकट्या बाईला गावात कुणी जागा देईना, तेव्हा गुरुजींनी आपल्याच घराच्या पडवीची खोली दिली. घरात माणसं तीन. गुरुजी, त्यांची बायको चांगुणा आणि आई आक्काबाई. गुरुजी चाळिशीचे, तालमीत घुमलेले. मान अशी की शर्टाचं वरचं बटण लागायचं नाही. तिसरी-चौथी त्यांच्याकडं होती आणि त्यांच्या वर्गात माशी उडाली तरी ऐकू यायची.

बहात्तर साल होतं. बाजरी गुडघ्याएवढी होऊन जागेवर वाळली. भादव्यात आभाळ पांढरं फटक. गावच्या आडात गाळ उरला होता. बायका दोन मैलांवरच्या विहिरीवर पहाटेच रांगेला लागायच्या. बापे माणसं पाझर तलावाच्या कामावर, कुणी माती उपसायला, कुणी खडी फोडायला.

कडूबाई दुसरीत होती. वय नऊ. आई आदल्या वर्षी गेलेली, बाप छगन तलावावर खडी फोडायचा आणि आठवडाभर तिकडंच पालात राहायचा. घरचं पाणी पोरगीच आणायची. त्या गुरुवारी ती दोन खेपा करून शाळेत आली आणि पाटी पुढ्यात घेऊन बसल्या बसल्या झोपली.

"कडू!"

पोरगी दचकली. शेजारची पोरं हसली.

"कालचं शुद्धलेखन दाखव."

"न्हाई केलं."

"परवाचं?"

मागून एकानं बारीक आवाजात बाईंचीच नक्कल केली, "पऽरवाचं?" आणि वर्ग फुटला. बाई उठल्या. नक्कल कुणी केली ते त्यांना कळलं नव्हतं. पुढ्यात कडूच होती.

"हात पुढं कर. पालथा."

कडूनं उजवा हात टेबलाच्या कडेवर पालथा ठेवला. पहिला फटका बसला. दुसरा बसला. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. ती रडत नाही याचाच बाईंना संताप आला. तिसरा त्यांनी खांद्यातून मारला.

वाळलं तुरकाट मोडावं तसा आवाज झाला.

कडू ओरडली नाही. तिनं हात उचलून डोळ्यांपुढं धरला. दोन बोटं मधूनच भलतीकडं वळली होती. मग तिच्या परकराखाली जमीन ओली झाली. वर्गात एकदम शांतता पसरली.

मधल्या भिंतीपलीकडं गुरुजींना ती शांतता ऐकू आली. फळ्यावर गणित मांडता मांडता त्यांच्या मनात आलं, जमलं बाईंना.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच छगन आला. वाटेतच त्याला आठ जण मिळाले होते. त्याच्या हातात घणाचा दांडा होता, लोखंड काढलेला. अंगावर दगडाची भुकटी, त्यात घामाचे ओघळ. डोळे तांबडे.

"कुठं हाय ती बाई?"

शोभाबाई ओळीच्या टोकाला उभ्या होत्या. पोरं पांगली. गुरुजी पायरीवरून खाली उतरले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले.

"छगन, बाईंना हात लावायचा नाही."

"माज्या पोरीची बोटं मोडली तिनं! हाडवैद्य म्हनला, वाकडी ऱ्हानार. उजव्या हाताची बोटं, मास्तर! रांडंच्या, भाकर कशानं थापायची तिनं?"

"रूळ माझा होता. मारायला मी शिकवलं. बाईंना येत नव्हतं."

छगननं क्षणभर त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग दांडा फिरवला.

पहिला खांद्यावर बसला, दुसरा बरगडीत. गुरुजींनी हात वर केला नाही. मांडीवर बसला तेव्हा ते एका गुडघ्यावर आले. छगन मारत होता आणि दर फटक्याला एकच विचारत होता, "ग्वाड वाटतं का? ग्वाड वाटतं का?" दांडा कपाळाला निसटता लागला आणि भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. चौथीची पोरं भिंतीला चिकटून बघत होती. त्यातल्या श्रीमंत नावाच्या पोराच्या तोंडावर हसू होतं. गुरुजींना ते एका डोळ्यानं दिसलं. मागच्याच आठवड्यात त्यांनी त्याला कोंबडा करून त्याच्या पाठीवर तीन पाट्या ठेवल्या होत्या.

शेवटी बरोबरच्यांनीच छगनला ओढून नेलं. जाताना त्यानं रूळ मागून घेतला, गुडघ्यावर घालून मोडायला बघितला. मोडला नाही. तेव्हा त्यानं तो कौलावर भिरकावून दिला.

घरी आक्काबाईनं हळद गरम करून लेकाच्या बरगडीला बांधली.

"तालमीतला गडी तू. त्या वाळल्या खडीफोड्याचा मार खाल्लास? गावानं बघितलं. माजं तोंड कुठं लपवू?"

चांगुणा भुवईवरचं रक्त पुसत होती. तिनं फडकं पिळलं आणि खाली बघत म्हणाली, "त्याचं काय चुकलं?"

"काय म्हनलीस?" गुरुजींनी मान वळवली.

"लेकराची बोटं मोडली. त्याचं काय चुकलं म्हनलं. तुमाला तरी मारल्याबिगर दुसरं काय येतं? घरात काय नि शाळंत काय."

गुरुजींचा हात उठला तो तिच्या गालावर बसूनच थांबला. फडकं भिंतीवर जाऊन आपटलं. चांगुणाचं डोकं मागच्या खांबावर आदळलं. ती रडली नाही. उठली, फडकं उचललं आणि परत पिळायला बसली.

"बगा," ती म्हणाली. "ह्येच म्हनलं."

पडवीच्या खोलीत शोभाबाई ट्रंक भरत होत्या. मधली भिंत कुडाची होती. त्यांना सगळं ऐकू आलं.

सकाळी ट्रंक ओट्यावर होती. गुरुजी काठीच्या आधारानं बाहेर आले, ट्रंककडं बघितलं आणि तिच्याशेजारी बसले. बसताना बरगडी कळवळली, त्यांनी दात आवळले.

"मी राजीनामा लिहिलाय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "मला वर्ग शिकवता येत नाही, गुरुजी. आणि हे असलं शिकायला मी आले नव्हते."

समोर रस्त्यावर धुळीचा भोवरा उठला आणि निवला.

"मलाबी येत नाही," ते म्हणाले. "मला वर्ग गप बसवता येतो. सोळा वर्षं झाली. गप बसला की मला वाटायचं, शिकला. चौथीतली बारा पोरं आहेत, त्यातल्या सात जणांना वाचता येत नाही. हे मी तपासणीला येणाऱ्या डिपटीसाहेबाला सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं.

"माझ्या मास्तरानं मला उलटं टांगलं होतं, आढ्याला," गुरुजी म्हणाले. "पाढा चुकला म्हणून. मला तेवढंच शिकवायचं माहीत. तुम्ही ट्रेनिंगमध्ये काय शिकलात ते मला दाखवा. माझं जे बरं असंल ते तुम्ही घ्या. तुम्ही गेलात तर दुसरा कुणी येईल, त्याच्यापुढंबी मी रूळच धरीन."

बाईंनी ट्रंक आत नेली नाही. ती तिथंच ओट्यावर राहिली. पण शाळेच्या वेळेला त्या शाळेकडं निघाल्या.

शाळेत पोरं उरली होती चौदा. बाकीच्यांना आईबापांनी तलावावर नेलं होतं. पोरं मारानं भ्यालेली होती, त्यात तिकडं सरकारी सुकडी खायला मिळायची. दोघांनी ठरवलं, दुपारपर्यंत ज्याचा त्यानं वर्ग घ्यायचा. त्यानंतर एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं मागं पोरांत बसायचं. शाळा सुटली की दिसलं ते तोंडावर सांगायचं.

पहिल्याच दिवशी गुरुजी म्हणाले, "तुम्ही फळ्याशी बोलता, बाई. पोरांकडं पाठ. आवाज वर चढत जातो, मग पोरं त्याची नक्कल करतात. आणि तुम्ही भेता. भिणारा माणूस पोरांना लांबून वास येतो तसा कळतो."

बाईंचा चेहरा उतरला. पण त्यांनीही सांगितलं. "तुम्ही ज्या चौघांना येतं त्यांनाच विचारता. बाकीच्यांना फक्त मारायला उठवता. श्रीमंत चुकला तेव्हा तो का चुकला हे तुम्ही बघितलंच नाही. त्याला हातचा घ्यायचा कळलेला नाही, पहिलीपासून."

गुरुजींच्या मानेची शीर ताठली. ते उठून गेले. त्या दिवशी घरी ते बाईंकडं पाठ करून बसले. जेवताना चांगुणा दोघांच्या मध्ये भाकरी ठेवून चुलीपाशी गेली. रेशनच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी, चावता चावत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी पोरांना शाळेच्या अंगणात नेलं. दहा दहा खड्यांच्या पुरचुंड्या बांधून हातचा मांडला. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पेंढ्या बांधताना शेतात मोजतात तसं त्यांनी मोजायला लावलं. बाई मागं बसून वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी त्याच खड्यांनी पहिलीला बेरीज शिकवली. मग बाईंनी अक्षरं सुटी न घोकवता अख्खा शब्द कसा ओळखायला लावायचा ते दाखवलं. गुरुजी चौथीच्या त्या सातांतल्या उरलेल्या पोरांना घेऊन बाईंच्या वर्गात खाली बसले. मांडी घालताना बरगडी टोचायची. त्यांना वाटायचं, गाव दारातून बघतंय. बघतही होतं. एक म्हातारा तर रोज येऊन विचारायचा, "काय मास्तर, पैलीत बशिवलं का?"

श्रीमंत त्यांच्या शेजारी बसायचा. एका दुपारी त्यानं शाळेच्या दौतीतली शाई मुद्दामच गुरुजींच्या धोतरावर सांडली. मान वर करून बघत राहिला.

गुरुजींनी काही विचार केला नाही. त्यांची मूठ पोराच्या केसांत गेली, डोकं मागं ओढलं गेलं आणि दुसरा हात उचलला. बाई फळ्याकडून धावत आल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते मनगट धरलं. गुरुजींनी झटका दिला. बाई भिंतीवर जाऊन आदळल्या, बांगड्या फुटल्या, हातातून रक्त आलं. पण मनगट सोडलं नव्हतं. त्यांच्याच ओढीनं गुरुजीही भिंतीपर्यंत ओढले गेले.

"सोडा, बाई!"

"नाही सोडणार."

चौदा पोरं श्वास धरून बघत होती. गुरुजींच्या छातीचा भाता चालला होता. हळूहळू त्यांची मूठ सैल झाली आणि श्रीमंतचं डोकं सुटलं. पोरगं पळालं नाही. बाईंच्या कोपराकडून ओघळणारं रक्त बघत जागच्या जागी उभं राहिलं.

त्या संध्याकाळी बाईंनी ट्रंक ओट्यावरून आत नेली. चांगुणानं त्यांच्या हाताला चुना-हळद लावली आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजा हात कुनी असा धरला न्हवता हो, बाई. नवरा मारतोय म्हनल्यावर शेजारीपाजारी कान झाकून घेत्यात."

गुरुजी उंबऱ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिवाळीनंतर पोरं परत यायची चिन्हं दिसेनात. तेव्हा दोघांनी दुपारची शाळा तलावावरच न्यायचं ठरवलं. मुकादमानं पोत्यांची एक झोपडी दिली, ती खडीच्या ढिगांना लागून होती. दिवसभर घणांचे आवाज. बारीक चिपा उडून पोरांच्या अंगावर यायच्या. पहिल्या दिवशी वीस पोरं आली, आठवड्यानं चाळीस. पंचवीस पावलांवर छगन खडी फोडत बसायचा. तो वर बघायचा नाही, गुरुजीही बघायचे नाहीत. पण झोपडीत त्यांचा आवाज जरा जरी चढला, तरी छगनचा घण थांबायचा.

कडू बापाच्या मागं सावलीला बसलेली असायची. हाडवैद्यानं बोटांना बांधलेल्या कामट्या निघाल्या होत्या. बोटं वाकडीच बसली होती. तिच्या हातात पेन्सिल टिकत नव्हती. एकदा शोभाबाई तिच्यापुढं जाऊन बसल्या तेव्हा पोरीनं दोन्ही हात काखेत लपवले.

"मी चुकले, कडू," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी परतताना गुरुजी म्हणाले, "तिचा डावा हात धड आहे."

"डाव्या हातानं लिहायला कसं शिकवतात ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं."

"मला कसं येणार? डाव्या हातात पेन्सिल दिसली की मी त्याच हातावर मारायचो. आजवर असली पाच-सहा पोरं असतील."

मग दोघांनी ते स्वतःच शिकायला घेतलं. दिवे लागायच्या आधी ओट्यावर पाट्या घेऊन बसायचे. डाव्या हातानं गिरवताना हात अक्षरावरूनच पुसत जायचा. पाटी कशी तिरकी धरायची, कोपर कुठं ठेवायचं, पेन्सिल किती वरून धरायची, हे एकमेकांचं बघून ठरवलं. गुरुजींचा 'क' रोज पोट फुगून पडायचा. आक्काबाई म्हणायची, "मास्तरकी विसरला का रं माजा ल्योक?" चांगुणा चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायची. एकदा गुरुजींनी पाटी तिच्यापुढं सरकवली. "तुला जमतंय का बघ." चांगुणानं हात मागं घेतला. त्यांनी पुन्हा सरकवली. त्या दिवशी त्या घरात तिघं डाव्या हातानं लिहीत होती.

कडूला झोपडीत आणायला चार दिवस लागले. बाई पुढं बसल्या तर ती आखडायची, म्हणून गुरुजी बसायचे. तेही भीतिदायकच, पण त्यांचा 'क' इतका वाईट होता की पोरीला धीर आला. गुरुजी अडले की बाई मागून हळूच सांगायच्या, "कोपर, गुरुजी." आणि कडूही आपलं कोपर सरळ करायची.

पौष लागला होता. दुपारी छगन पाण्याला उठला आणि झोपडीच्या तोंडाशी थांबला. त्यानं आत बघितलं. कडू पाटीवर लिहीत होती.

"डाव्या हातानं?"

पोरीच्या हातातली पेन्सिल पडली.

"माजी पोरगी डावरी केली?" छगन आत शिरला. "उजवा मोडला, आता जगात हसं करायचं ऱ्हायलंय व्हय? उद्या ताटात डावा हात घालंल, कोन करंल हिला?" त्यानं कडूची वेणी धरून तिला उठवलं. "ऊठ! न्हाई शिकायचं. ऊठ म्हनलं ना, रांडं!" आणि त्याचा हात वर गेला.

गुरुजींनी तो हवेतच धरला.

छगननं हिसका दिला. हात हलला नाही. त्यानं दुसऱ्या हातानं गुरुजींच्या छातीत गुद्दा घातला, त्याच बरगडीवर. गुरुजी कण्हले, पण बोटं सुटली नाहीत. छगन ओढत राहिला, पाय रोवून, दात खाऊन. दगड फोडून फोडून लोखंड झालेला त्याचा हात त्या मुठीत जागचा हलेना. बाहेर घण थांबले होते. कामावरची माणसं झोपडीच्या तोंडाशी जमली. शोभाबाईंनी कडूला आपल्यामागं घेतलं. आणि पोरीनं, कोण जाणे का, बाईंचा पदर धरला.

छगनला धाप लागली. त्यानं आपल्या मनगटाकडं बघितलं, मग गुरुजींच्या तोंडाकडं. भुवईवर त्यानंच पाडलेला वण होता.

"एवढी ताकद हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मग त्या दिशी का न्हाई धरला हात?"

"त्या दिवशी तुझं बरोबर होतं."

"आन आज?"

"आज नाही."

छगन तसाच उभा राहिला. गुरुजींनी बोटं एकेक करून सोडली. मनगटावर पांढरे वळ उमटले होते, ते हळूहळू लाल झाले. छगननं मनगट चोळलं नाही. खाली पडलेली पेन्सिल त्यानं बघितली, वाकून उचलली. कुणाला द्यायची ते त्याला कळेना. शेवटी ती पाटीवर ठेवून तो गर्दीतून वाट काढत बाहेर गेला. जरा वेळानं त्याचा घण पुन्हा वाजायला लागला, मग बाकीच्यांचेही.

पोरं गुरुजींच्या तोंडाकडं बघत होती. गुरुजींनी खडू उचलला आणि फळ्याकडं वळले. खडू फळ्यावर टकटक वाजला आणि तुटला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही घ्या पुढं. माझा हात थांबंना."

शोभाबाई पुढं आल्या. पोरांकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कुठवर आलो होतो?" गुरुजी श्रीमंतच्या शेजारी, पोत्यावर मांडी घालून बसले. श्रीमंतनं जरा सरकून त्यांना जागा दिली.